टायमिंग बेल्टच्या मागचे भाग घरी बदलताना: पिकअप ट्रकसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बेल्ट नवा टाकला तरी काही महिन्यांत इंजिन बंद पडलं, असं सांगणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो: आयडलर आणि टेन्शनर बदलले होते का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते चांगलेच वाटले. शिवाय तिथे पाना जात नव्हता."

खरं कारण त्या दुसऱ्या वाक्यात असतं. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जुळवून फिरवणारा दात्यांचा पट्टा. तो हाताशी येतो, म्हणून बदलला जातो. त्याच्या मागे आणि खाली दडलेले आयडलर (बेल्टला वाट देणाऱ्या पुल्या), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), वॉटर पंप, क्रँकचं ऑइल सील हेही तेवढेच किलोमीटर चाललेले असतात. आयडलरचं बेअरिंग जाम झालं की नवा कोरा बेल्ट त्याच्यावर घासून जळतो. सीलमधून तेल पाझरलं की रबर फुगतं आणि दाते सुटू लागतात. वॉटर पंप डगमगला तर बेल्ट एका बाजूला सरकून कडेने झिजतो.

हा लेख त्या अवघड जागेतल्या भागांसाठी आहे: तिथवर कसं पोचायचं, कोणत्या क्रमाने, आणि चुका नेमक्या कुठे होतात.

## सुरू करण्याआधी: हे काम तुमच्या इंजिनाचं आहे का?

तुमच्या इंजिनात बेल्टच आहे ना, ते आधी तपासा. मोठ्या मालवाहू ट्रकांच्या डिझेल इंजिनांत टायमिंग बहुधा गिअरवर चालतं, आणि अनेक नव्या पिकअपमध्ये चेन असते. त्या कामाची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

दुसरा प्रश्न: बेल्ट सुटल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात का? डिझेल इंजिनात ते आदळतातच असं धरून चाला. पेट्रोलमध्ये दोन्ही प्रकार आहेत. टोयोटाच्या ३.४ लिटर व्ही-६ इंजिनात, म्हणजे ५व्हीझेड-एफईमध्ये, बेल्ट तुटला तरी सहसा व्हॉल्व्ह वाकत नाहीत. पण दुसऱ्याच्या इंजिनाचा अनुभव आपल्या इंजिनाला लावू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्याच इंजिन क्रमांकाचं वर्कशॉप मॅन्युअल. खुणा कुठे आहेत, बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) किती, टेन्शनर कोणत्या प्रकारचा, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. मॅन्युअल हातात नसेल तर बोनेट उघडू नका. मी खाली जिथे आकडे दिले आहेत ते फक्त कामाचा अंदाज यावा म्हणून आहेत.

## टप्पा १: सगळं सामान आधी, पाना नंतर

अर्धं काम उघडून ठेवायचं आणि मग लक्षात येतं की सील आणलंच नाही. अशा वेळी माणूस जुनं सील "सध्या चालेल" म्हणून ठेवतो, आणि तेवढ्यावरून पुन्हा सगळं उघडावं लागतं. म्हणून पुढचं सगळं समोर मांडल्याशिवाय सुरुवात करू नका:

- टायमिंग बेल्ट, टेन्शनरची पुली, हायड्रॉलिक टेन्शनर किंवा त्याची स्प्रिंग, आणि सगळे आयडलर. किती आयडलर आहेत ते मॅन्युअलमधल्या चित्रात मोजा.
- वॉटर पंप आणि त्याचं गॅस्केट, थर्मोस्टॅट, कूलंट.
- क्रँकचं पुढचं ऑइल सील, कॅमची सीलं.
- क्रँक पुलीचा बोल्ट, मॅन्युअलने नवा टाकायला सांगितला असेल तर.
- बाहेरचे बेल्ट आणि रेडिएटरचे होज, जुने झाले असतील तर.

मित्सुबिशीचं ४डी५६ डिझेल ज्यांच्याकडे आहे त्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. त्यात टायमिंग बेल्टच्या आत बॅलन्स शाफ्टचा (कंपन कमी करणाऱ्या दांड्याचा) आणखी एक लहान बेल्ट असतो. तो जुनाच ठेवला आणि तुटला, तर त्याचे तुकडे बाहेरच्या नव्या बेल्टमध्ये जातात आणि तोही दाते सोडतो. दोन्ही बेल्ट आणि दोन्ही टेन्शनर एकाच वेळी बदला.

हत्यारांमध्ये नेहमीच्या सॉकेट सेटशिवाय लांब दांड्याचा ब्रेकर बार, दोन टॉर्क रेंच (लहान बोल्टांसाठी एक, मोठ्यांसाठी एक), लांब आणि आखूड एक्स्टेन्शन, बारीक दात्यांचं रॅचेट, पुली धरून ठेवायचं हत्यार, पुली पुलर, काठीला लावलेला आरसा, चुंबक आणि डोक्याला लावायचा दिवा लागतो. बारीक दात्यांचं रॅचेट मुद्दाम सांगतो. जिथे दांडा जेमतेम पाच अंश हलतो, तिथे जाड दात्यांचं रॅचेट पुढचा दात पकडतच नाही आणि तुम्ही नुसते हात सोलून घेता.

जाड पुठ्ठाही घ्या. त्यावर इंजिनाच्या तोंडाचं ढोबळ चित्र काढा, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट चित्रातल्या त्याच्या जागी भोक पाडून खोचा. वॉटर पंपाचे आणि कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे असतात, पण लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो टेकतो. तुम्हाला वाटतं घट्ट झाला, पण जोड सैलच राहतो, नाहीतर ॲल्युमिनियम फुटतं.

## टप्पा २: गाडी उभी करणं आणि जागा मोकळी करणं

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडकण लावा. पुढची बाजू उचलली तर चासीखाली जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मग कूलंट झाकण असलेल्या भांड्यात काढा. तो चवीला गोड आणि विषारी असतो, जनावरं चाटतात, म्हणून सांडलेला लगेच पुसून घ्या.

आता जागा. रेडिएटर पंख्याचं कव्हर, पंखा, बाहेरचे बेल्ट या क्रमाने काढा. पंख्याला व्हिस्कस क्लच असेल तर तो गाडीवर जसा असतो तसाच उभा ठेवा. आडवा पडून राहिला तर आतलं सिलिकॉन तेल गळू शकतं. रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, कारण पुढचे काही तास तुमचे पाने तिथेच आदळणार आहेत.

एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप मध्ये येत असेल तर त्यांचे पाइप उघडू नका. बोल्ट सोडा आणि पाइपांसकट बाजूला सरकवून तारेने बांधा. पाइपांवर वजन लोंबकळता कामा नये. बऱ्याच व्ही-६ इंजिनांत टेन्शनरचा एखादा बोल्ट कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटमागे असतो आणि लोक तो ब्रॅकेट न काढता वाकडातिकडा पाना घालून बोल्टचं डोकं गोल करून ठेवतात. ब्रॅकेट काढायला लागणारी वीस मिनिटं द्या.

चाकाच्या कमानीतला रबराचा किंवा प्लास्टिकचा पडदाही काढून बघा. वरून जो बोल्ट नुसता आरशात दिसतो, तो कित्येकदा तिथून लांब एक्स्टेन्शनने सरळ रेषेत मिळतो.

तपासणी: क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट सरळ बसतंय का? दांडा फिरवायला जागा आहे का? नसेल तर आणखी काढा. जागेच्या बाबतीत काटकसर केलेली पुढे महागात पडते.

## टप्पा ३: क्रँकचा मोठा बोल्ट

सगळ्यात जास्त घाम इथेच गळतो. हा बोल्ट अनेक इंजिनांत २०० ते ३०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळलेला असतो. वर सांगितलेल्या ५व्हीझेड-एफईला २९५ लागतो.

क्रम असा ठेवा: आधी वरची टायमिंग कव्हरं काढा म्हणजे कॅमच्या खुणा दिसतील. मग बोल्ट फक्त सैल करा. त्यानंतर इंजिन टीडीसीवर, म्हणजे पहिला पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीत, आणा. पुली काढायची ती शेवटी. लोक आधी टीडीसी लावतात आणि मग बोल्टशी झटापट करतात. त्यात क्रँक हलतो आणि लावलेली खूण गेलेली त्यांच्या लक्षात येत नाही.

बोल्ट सोडताना क्रँक धरून ठेवायला हवा. पुलीच्या भोकांत बसणारं धरण्याचं हत्यार सर्वांत चांगलं. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून दुसऱ्या माणसाने ब्रेक पक्का दाबून धरायचा. इम्पॅक्ट गन असेल तर सोडायला वापरा, आवळायला कधीच नाही.

सावधान: कॅम आणि क्रँक जागेवर ठेवण्यासाठी ज्या टायमिंग पिना येतात, त्या हा बोल्ट सोडताना आधार म्हणून वापरू नका. त्या फक्त जागा दाखवायला असतात. एवढ्या जोराने पिन तुटते आणि सोबत ब्लॉकचा किंवा गिअरचा कान घेऊन जाते.

सावधान: ब्रेकर बार चासीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती टाळा. बार निसटला तर तो कुठे जाईल यावर कोणाचाही ताबा नसतो, आणि अर्ध्या उघडलेल्या इंजिनाला स्टार्टर देणं तसंही चूक आहे.

## टप्पा ४: टीडीसी, आणि कोणती खूण खरी

बोल्ट हलका आवळून त्याच्यावरच सॉकेट लावा आणि क्रँक इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. बहुतेक इंजिनांत समोरून बघितल्यावर ती घड्याळाच्या काट्याची दिशा असते. तरी मॅन्युअलमध्ये एकदा बघा. खूण पुढे गेली तर उलटं फिरवून मागे आणू नका, कारण टेन्शनरच्या बाजूला ढील येऊन बेल्ट दात सोडू शकतो. पुन्हा दोन फेरे पुढे फिरवा. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग काढून ठेवले तर फिरवायला खूप सोपं जातं.

कॅम एकदा फिरतो तेव्हा क्रँक दोनदा फिरतो. म्हणजे क्रँकची खूण जुळली तरी निम्म्या वेळा पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर नसतो. क्रँक, प्रत्येक कॅम, आणि डिझेल असेल तर इंजेक्शन पंप, या सगळ्या खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. एक जरी उलट बाजूला दिसत असेल तर क्रँक आणखी एक फेरा फिरवा.

दुसरा घोटाळा बाहेरच्या क्रँक पुलीवरच्या खुणेचा. ती खूण पुलीवर असते आणि पुली निघाली की निरुपयोगी होते. आतल्या क्रँक गिअरवर वेगळी खूण असते आणि ब्लॉकवर किंवा ऑइल पंपाच्या अंगावर तिची जोडी. बेल्ट लावताना ती आतली खूण धरायची.

## टप्पा ५: पुली, खालचं कव्हर आणि जुना बेल्ट

पुली हाताने येत नसेल तर पुलर लावा, पण पुलीच्या मधल्या भागातल्या आट्यांच्या भोकांत. पुलीच्या बाहेरच्या कडेला नखं अडकवून ओढू नका. मधला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यात रबर असतं, ते सुटतं, आणि अशी पुली काही दिवसांनी डगमगू लागते. रबराला भेगा दिसल्या तर पुलीही बदला.

क्रँकवरची लहान चावी, म्हणजे वूडरफ की, खाचेत घट्ट आहे का बघा. खाच रुंद झाली असेल तर पुली आधी कधीतरी सैल चालली आहे. तसंच पुढे गेलात तर टायमिंग टिकणार नाही.

क्रँक गिअरच्या पुढे पत्र्याची एक चकती असते. तिची वाकलेली कड बेल्टपासून बाहेरच्या बाजूला येते. काढण्याआधी फोटो घ्या. उलटी लागली तर ती कड बेल्ट कापत राहते.

आता बेल्ट काढण्याआधी थांबा. पांढऱ्या रंगाने बेल्टवर आणि प्रत्येक गिअरवर समोरासमोर खुणा करा, बेल्ट फिरण्याची दिशाही लिहा. हे सगळं जुना बेल्ट पुन्हा वापरण्यासाठी नाही. खुणांमधले दाते मोजून नव्या बेल्टवर उतरवायचे म्हणून आहे. मोजताना दोनदा मोजा, आणि दुसऱ्या वेळी उलट बाजूने.

टेन्शनर सैल करा. बेल्ट उतरवताना काही व्ही-६ इंजिनांत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने एखादा कॅम अचानक उडी मारतो. बोटं कॅम गिअरच्या आऱ्यांत ठेवू नका.

सावधान: बेल्ट काढल्यावर ना क्रँक फिरवायचा, ना कॅम. कॅम सरकलाच आणि तो जागेवर आणायचा असेल, तर मॅन्युअलमध्ये त्यासाठी दिलेली पद्धत वापरा. साध्या चार सिलिंडरी इंजिनात क्रँक टीडीसीपासून ९० अंश मागे घेतला की चारही पिस्टन मधोमध येतात आणि व्हॉल्व्हला धोका राहत नाही. कॅम जुळवून झाल्यावर क्रँक आलेल्या वाटेनेच परत आणायचा.

## टप्पा ६: ज्यांच्यासाठी हे सगळं उघडलं

### आयडलर आणि टेन्शनरची पुली

जुना आयडलर हातात घेऊन बोटाने फिरवा. तो बराच वेळ, सरसर आवाज करत, मोकळा फिरत राहिला तर लोक म्हणतात, "बघा, किती छान फिरतोय." तो संपलेला आहे. आतलं ग्रीस सुकलं म्हणून तो इतका मोकळा झाला. आता नवा फिरवून बघा: ग्रीसमुळे थोडा जड लागतो, आवाज करत नाही आणि लवकर थांबतो. दोन्ही एकदा हातात घेतले की हा फरक कायम लक्षात राहतो, आणि जुना आयडलर परत बसवायचा मोह होत नाही.

### न दिसणाऱ्या बोल्टपर्यंत पोचताना

- बोल्ट सॉकेटमध्ये बसवून त्याच्या डोक्यावर थोडं ग्रीस लावा किंवा सॉकेटमध्ये कागदाचा कपटा घाला. मग तो उलटा झाला तरी पडत नाही.
- पहिले तीन आटे नेहमी बोटाने किंवा नुसत्या एक्स्टेन्शनने, रॅचेट न लावता. आधी उलट दिशेला हलकं फिरवा. आटे जुळले की बोटाला एक बारीकसा ठोका जाणवतो, तिथून सुलट फिरवा.
- युनिव्हर्सल जॉइंट सोडायला चांगला. टॉर्क लावताना तो जितका वाकडा तितका आकडा खोटा. जमेल तेवढा सरळ ठेवा.
- क्रोफूट पाना (रेंचच्या टोकाला बसणारं पान्याचं उघडं तोंड) टॉर्क रेंचला काटकोनात लावला तर आकडा बदलत नाही. सरळ रेषेत लावला तर लांबी वाढते आणि बोल्ट जास्त आवळला जातो.
- खाली बोल्ट पडण्याजोगी प्रत्येक फट फडक्याने बंद करा आणि किती फडकी घातली ते पुठ्ठ्यावर लिहा. शेवटी तेवढीच बाहेर आली पाहिजेत.

बोल्ट पडलाच तर तो मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. "खाली जमिनीवरच पडला असेल" ही समजूत क्रँक गिअर आणि बेल्टच्या मध्ये सापडलेल्या बोल्टने अनेकदा खोटी ठरवली आहे.

आयडलरच्या बोल्टवर थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायला सांगितलं असेल तर जुना साफ करून फक्त टोकाच्या दोन-तीन आट्यांवर लावा. बेअरिंग ज्यावर फिरतं त्या गुळगुळीत भागावर तो पोचला तर आयडलर जड होतो.

### ऑइल सील

क्रँक गिअर काढल्यावर सील दिसतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना क्रँकवर ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार. काम करताना क्रँकवर फडकं गुंडाळा आणि सील काढायच्या आकड्याने त्याची बाहेरची कड उचला.

नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावा. बाहेरचा व्यास सीलपेक्षा किंचित लहान असेल असा पाइपचा तुकडा किंवा मोठं सॉकेट टेकवून, सगळीकडून सारखे हलके ठोके देत ते बसवा. जुनं सील किती आत होतं ते काढण्याआधीच मोजून ठेवा. एका बाजूने आत गेलेलं सील आज कोरडं दिसतं आणि गरम झालं की गळतं. बोट कडेने गोल फिरवा, पायरी लागता कामा नये.

### वॉटर पंप

जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर चर पडतात आणि पाणी तिथूनच वाट काढतं. खरवडताना भोकाच्या तोंडाशी फडकं ठेवा. जे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उघडतात त्यांच्या आट्यांना सीलंट लागतं. सगळे बोल्ट आधी बोटाने, मग आडव्या-तिरक्या क्रमाने, दोन टप्प्यांत. लहान बोल्टांना बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच टॉर्क असतो. मनगटाच्या अंदाजावर आवळलेले बोल्ट इथेच मोडतात.

### हायड्रॉलिक टेन्शनर

नवा टेन्शनर बहुधा पिन लावलेलाच येतो. जुना, मॅन्युअलच्या कसोटीत उतरलेला, परत वापरत असाल तर तो वाइसमध्ये उभा धरून दाबा, आणि खूप हळू. दोन-चार मिनिटं लागू द्या. घाईने दाबला तर आतलं सील फाटतं. भोकं समोरासमोर आली की पिन घाला. बोटाच्या जोराने दांडा आत जात असेल किंवा अंगावर तेल दिसत असेल तर तो टाकून द्या.

तपासणी: बेल्ट उचलण्याआधी सगळ्या गिअरांवरून स्वच्छ फडकं फिरवा. तेल, ग्रीस, कूलंट काहीही राहता कामा नये. प्रत्येक नवी पुली हाताने फिरवा. प्रत्येक बोल्टला टॉर्क लावल्यावर रंगाचा ठिपका द्या. ज्याला ठिपका नाही त्याचं काम झालेलं नाही.

## टप्पा ७: नवा बेल्ट

बेल्ट घडी घालू नका, पिळू नका, उलटा करू नका. आतल्या दोऱ्या वाकल्या तर बाहेरून काही दिसत नाही.

क्रँक गिअरपासून सुरू करा. जी बाजू टेन्शनरच्या विरुद्ध आहे ती आधी ताणून घ्या, म्हणजे सगळी ढील शेवटी टेन्शनरच्या बाजूला जमा होते. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. कॅम गिअरवर बेल्ट बसला की कागद पकडायच्या मोठ्या क्लिपने तो गिअरला धरून ठेवा, नाहीतर दुसरीकडे लावेपर्यंत इथला दात सुटतो. एक दात पुढे-मागे झालेला नुसता बघून कळत नाही. आरसा, दिवा आणि आधी मोजलेले दाते, तिन्ही वापरा.

टेन्शनर आता सोडायचा. हायड्रॉलिक असेल तर पिन ओढा. स्प्रिंगचा असेल तर बोल्ट सैल करून स्प्रिंगला तिचा ताण घेऊ द्या. हाताने जास्तीचा जोर देऊन "थोडा घट्ट बरा" करू नका. ताण दाखवणाऱ्या काट्याचा असेल तर काटा खाचेसमोर आणा.

## टप्पा ८: हाताने दोन फेरे

क्लिपा काढल्या का? आधी ते बघा.

क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून दोन पूर्ण फेरे हाताने, सावकाश. कॉम्प्रेशनचा जोर हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. धातूवर धातू टेकल्यासारखं एकदम कडक थांबलं तर तिथेच थांबा. दांड्याला अजिबात जोर देऊ नका. तो पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला आहे, आणि हाताच्या वेगात टेकला म्हणून अजून काही वाकलेलं नसण्याची शक्यता आहे. बेल्ट काढा, टप्पा ४ पासून पुन्हा.

दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅमच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. बेल्टवर छापलेल्या रेषा मात्र जुळणार नाहीत, आणि इथे खूप जण घाबरून चांगलं बसलेलं काम उलगडतात. त्या रेषा फक्त बसवतानाच्या असतात. बेल्टच्या आणि गिअरच्या दात्यांचा हिशेब असा असतो की त्या पुन्हा समोरासमोर यायला बरेच फेरे लागतात. आता फक्त गिअरच्या आणि ब्लॉकच्या खुणा बघायच्या.

स्प्रिंगच्या आणि काट्याच्या टेन्शनरचा ताण या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासून मगच बोल्टला शेवटचा टॉर्क द्या. डिझेलमध्ये इंजेक्शन पंपाची खूण आणखी एकदा बघा.

## टप्पा ९: परत जोडणं

फडकी मोजा. चकती योग्य बाजूने, खालचं कव्हर, पुली. पुलीचा मोठा बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, आणि मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगितलं असेल तर तेही करा. हा बोल्ट कमी आवळला गेला तर पुली खाचेत हलते आणि क्रँकचं टोक खराब होतं. टायमिंगच्या सगळ्या कामात यापेक्षा महागडी चूक मला माहीत नाही.

बाकीचं काढलं त्याच्या उलट क्रमाने. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हळूहळू ओता, होज दाबून हवा काढा.

बॅटरी जोडून इंजिन सुरू करा आणि कान समोरच्या बाजूला ठेवा. वेगाबरोबर चढणारी बारीक शीळ आली तर बेल्ट जास्त ताणलेला असू शकतो. कव्हरवर फटफट आपटल्यासारखा आवाज आला तर सैल. दोन्ही वेळा लगेच बंद करा. आवाज ठीक असेल तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा. वरचा होज गरम झाला आणि हीटरमधून गरम हवा आली, म्हणजे पाणी फिरतंय. तापमानाचा काटा वर चढला आणि हीटर थंडच असेल तर आत हवा अडकली आहे, इंजिन बंद करून थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघा आणि क्रँक पुलीच्या खाली रात्रभर ठेवलेला पुठ्ठा तपासा. तेलाचा एक थेंबही असेल तर सील वाकडं बसलं आहे. बेल्ट तेलात भिजण्याआधी, आत्ताच उघडा. पुठ्ठा कोरडा असेल तर कव्हरवर एक चिकटपट्टी लावून तारीख, किलोमीटर, आणि बेल्टसोबत कोणकोणते भाग बदलले ते पक्क्या शाईने लिहून ठेवा.